धूळ पाहून उठलेली दोन माणसं

सुलाबाई भाकरी थापत होत्या आणि घर आपापल्या गडबडीत होतं. कोंडाजी हवालदार मागच्या मोरीत बादल्या घासत होते. रोज बादल्या घासायची काही गरज नसते, हे सुलाबाईंनी लग्नापासून सांगून पाहिलं होतं. पण फौजेतून आलेल्या माणसाला सकाळी काहीतरी घासायला लागतंच, त्याला इलाज नाही. सून उज्ज्वला सकाळच्या शाळेवर शिकवायला गेलेली. नात पिंकी तोंडात पिना धरून आरशासमोर उभी होती, आणि तिचा बाप प्रफुल्ल बुटाची नाडी बांधता बांधता फोनवर कुणाला तरी 'हो सर, बघतो सर' करत होता. पिंकी स्कूटीची किल्ली घेऊन "येते गं आजी" म्हणत बाहेर पडली, आणि तिच्यामागे दार लागतंय न लागतंय तोच थाप पडली.

बेल असताना थाप मारणारा माणूस गावाकडचाच, हे सुलाबाईंनी भाकरी उलटतानाच ओळखलं.

"काकू, ओळखलं का?"

"काशिनाथ पाटलाचा वाल्मीक ना तू? बापाच्याच वळणावर गेलास. ये, बस."

वाल्मीक गावचा सरपंच. पांढरा शर्ट, हातात द्राक्षांची पेटी. कोंडाजी हात पुसत बाहेर आले तसा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "जय भीम, बाबा." पाटलांच्या घरातल्या कुणाच्या तोंडून हे दोन शब्द सुलाबाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. निवडणूक जवळ आलेली दिसते, असं मनात म्हणून त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

वाल्मीकनं मोबाईलवरचं चित्र पुढे केलं. गावाच्या वेशीवर कमान होणार होती. गावातून फौजेत गेलेल्या माणसांची नावं तिच्यावर संगमरवरात कोरायची, आणि दोन्ही बाजूंना सिमेंटच्या दोन तोफा.

"तोफा खास तुमच्यामुळे," वाल्मीक म्हणाला. "गावातले पहिले तोफखान्यातले तुम्ही. पहिलं नाव तुमचं, हवालदार कोंडाजी रामा केदारे. उद्घाटनाला रिटायर कर्नलसाहेब येतायत. तुम्ही फक्त ड्रेस घालून, मेडलं लावून यायचं."

कोंडाजींनी चित्र लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. मग मोबाईल परत दिला.

"झकास हाय. दुसरं नाव पुंजाचं टाक."

"कोण पुंजा?" वाल्मीकनं विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्याला आठवलं. प्रफुल्लचा बुटाच्या नाडीवरचा हात तिथेच थांबला.

पुंजा हा कोंडाजींचा धाकटा भाऊ.

गावामागे टेकड्या, आणि टेकड्यांपलीकडे तोफांच्या सरावाचं मैदान. तिथे गोळे पडायचे, आणि पडलेल्या गोळ्यांचं पितळ, तांबं, लोखंड भंगारवाला किलोवर घ्यायचा. पाऊस नसलेल्या वर्षांत अर्धं गाव त्याच्यावर जगलं. टेकडीच्या अलीकडच्या उतरणीवर घायपाताच्या आडोशाला माणसं ओळीनं बसून राहायची, बायका तिथेच भाकरी पोचवायच्या. गावच्या विहिरीवर कोण कुठे उभं राहणार ते ठरलेलं होतं. त्या ओळीत मात्र महारवाड्यातला पुंजा आणि पाटलाच्या घरचा काशिनाथ मांडीला मांडी लावून बसत.

मैदानावर लाल निशाण असायचं. नियमानं ते उतरलं की गोळाबारी संपली. पण ते उतरवायचं कधी कधी राहूनच जायचं, मैदान ओस पडलं तरी निशाण आपलं फडकत असायचं. म्हणून गावानं निशाणावरचा विश्वास काढून धुळीवर ठेवला. गाड्या निघाल्या, मैदानाच्या रस्त्यावर धूळ उठली, की तोफा गेल्या. मग उठायचं आणि पळायचं. जो आधी पोचेल त्याला पितळ, मागाहून येणाऱ्याला लोखंडाचे तुकडे. हा कायदा कुणी लिहिलेला नव्हता, पण गावातलं शेंबडं पोरही तो सांगायचं.

एका उन्हाळ्यात अशीच धूळ उठली. गाड्या निघाल्या होत्या, हे खरं. पण त्या पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांच्या गाड्या होत्या. साहेब जेवायला चालले होते. तोफा जागेवरच होत्या. पुंजा ओळीत सगळ्यांत चपळ. बाकीचे अजून उतरणीवर होते तेव्हा पहिला आवाज झाला आणि ते जमिनीला चिकटले. पुंजा तोवर मैदानात पोचला होता.

कोंडाजी त्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच एका तोफेमागे उभे होते. तार मिळून, रजा मिळून गावी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. माती आटोपली होती आणि कागदही आटोपला होता. कागदात पुंजा सरकारी मालाचा चोर होता. चौकशीला माणसं आली तेव्हा त्या ओळीतला एकही जण ओळीत नव्हता. सगळे त्या दिवशी म्हणे एका लग्नाला गेले होते. म्हातारी नवसाबाई, दोघांची आई, दारोदार फिरून म्हणत राहिली, "माझा एकटाच व्हता का रं तिथं?" तिला कुणी पाणी दिलं, कुणी गूळ दिला. उत्तर कुणी दिलं नाही. पुंजाची बायको कलाबाई वर्षभरात खंगून गेली, आणि तिचा पोरगा प्रफुल्ल सुलाबाईंच्या पदराला आला. त्यांना पोटचं मूल नव्हतं. या पोराला त्यांनी इतकं पोटाशी धरलं, की पुढे आपण ते जन्माला घातलं नाही हे आठवायला त्यांना प्रयत्न करावा लागे.

आणि मग त्यांच्या संसारात टालबट आला.

दुसऱ्या फौजींच्या बायकांना नवऱ्यांनी रेडिओ आणले, शाली आणल्या. सुलाबाईंना टालबट मिळाला. तोफखान्यातल्या कुठल्याशा वर्गात एका तरुण कॅप्टनानं ही गोष्ट सांगितली होती, आणि कोंडाजी ती रजेवर येताना ट्रंकेतून आणल्यासारखी घेऊन आले. जेवण झाल्यावर, सुपारी कातरत, त्यांनी ती बायकोला सांगितली.

जॉन टालबट. सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडातला सरदार. पुढे श्रूझबरीचा अर्ल झाला, म्हणजे आपल्याकडचा मोठा जहागीरदार समज. पाळण्यातून उतरला तो घोड्यावरच बसला. उमेदीच्या वयात वेल्सच्या डोंगरातलं बंड मोडायला गेला, मग आयर्लंडचा कारभार पाहिला, आणि त्यापुढची सगळी हयात फ्रान्सात. इंग्लंडच्या राजांचं आणि फ्रान्सच्या राजांचं भांडण पिढ्यान् पिढ्या चाललेलं, त्यात हा इंग्रजांचा नावाजलेला सेनापती. त्याची खोड अशी, की ध्यानीमनी नसताना तुटून पडायचं. समोरचा झोपेतून उठून जोडे शोधतोय तोवर हा दारात. फ्रान्सातल्या आया पोरांना गप्प करायला त्याचं नाव घ्यायच्या.

"थांबा," सुलाबाईंनी तेव्हाच विचारलं होतं. "फ्रान्स त्याच्या बापाचा होता का?"

"त्यांचा राजा म्हणायचा, आमचा हाय."

"आणि तिथले लोक काय म्हणायचे?"

"लोकांना कोण विचारतंय? गावं जाळायची, गुरं हाकून न्यायची, बडी माणसं धरायची अन् खंडणी घेऊन सोडायची. तसलीच लढाई व्हती ती."

"म्हणजे दुसऱ्याच्या शिवारात शिरून लुटणाराच की हा. आणि त्याला सरदार म्हणायचं?"

कोंडाजींनी अडकित्ता खाली ठेवला. "हां. तेच तर सांगतोय. पुढं ऐक."

पुढे असं झालं, की पाते नावाच्या गावाजवळच्या लढाईत टालबट धरला गेला. वर्षानुवर्षं कैदेत राहिला, सुटला, परत लढला. म्हातारपणी पुन्हा ओलीस राहिला. तेव्हा त्यानं म्हणे शब्द दिला, की फ्रान्सच्या राजावर पुन्हा चिलखत घालून चालून येणार नाही. आणि तरी आलाच. फक्त चिलखत घातलं नाही. शब्द पाळायची ही त्याची तऱ्हा. कास्तिलाँ नावाच्या गावाबाहेर फ्रेंचांनी खंदक खणून तोफा मांडून ठेवल्या होत्या, एकदोन नाही, शेकड्यांनी. टालबटला सकाळी निरोप आला, की फ्रेंच पळतायत, छावणीमागे धूळ उठली आहे. धूळ खरी होती. पण ती फ्रेंचांनी घोडे आणि बाजारबुणगे बाहेर काढले त्याची. तोफा जागेवरच होत्या. लोक म्हणाले, जरा थांबा, मागची फौज येऊ द्या. पण धुळीवर विश्वास ठेवून पिकल्या केसांचा टालबट लाल झगा घालून थेट तोफांच्या तोंडात गेला. गोळा घोड्याला लागला, घोडा अंगावर पडला, आणि खाली अडकलेल्या म्हाताऱ्याला कुऱ्हाडीनं मारलं. मुलगाही त्याच लढाईत गेला. दुसऱ्या दिवशी प्रेत ओळखू येईना, तेव्हा त्याच्याच माणसानं तोंडात बोट घालून पडलेल्या दाताची खूण पटवली.

वर्गातली पोरं हसली होती. कुणीतरी म्हणालं होतं, 'बुढ्ढा सठिया गया था.' कोंडाजी हसले नाहीत. हात वर करून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "साब, उसको चोर बोला क्या?"

कॅप्टनाला प्रश्नच कळला नाही. "चोर? अरे, अर्ल था वो! दुश्मन ने खुद उसका पत्थर लगाया है वहाँ."

एवढं सांगून कोंडाजी त्या रात्री पाणी प्यायला उठले आणि बराच वेळ माठापाशीच उभे राहिले.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी नाशिकरोडला दोन खोल्या बांधल्या. गावात राहायला गेले नाहीत. कॉलनीतली पोरं ओट्यावर जमायची आणि कुऱ्हाडीचा प्रसंग पुन्हा पुन्हा मागायची. त्यांना पोरांनी 'टालबट आजोबा' असंच नाव पाडलं. सुलाबाईंना कित्येक वर्षं वाटायचं, की यांना त्या गोऱ्या सरदाराचं भारी कौतुक आहे. एकदा प्रफुल्लनं मोबाईलवर कास्तिलाँच्या त्या दगडाचा फोटो शोधून दाखवला. कोंडाजींनी बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि विचारलं, "भोवतीचं गवत कुणी काढतं का रं?" त्या आवाजानं सुलाबाईंना उमगलं, की हे कौतुक नाही. हा हेवा आहे. एका मेलेल्या माणसाच्या वतीनं दुसऱ्या मेलेल्या माणसाचा केलेला.

तर आता वाल्मीकच्या तोंडून निसटलं, "पुंजा म्हणजे तो भंगारचो..." आणि उरलेला शब्द त्यानं गिळला.

"गिळू नको," कोंडाजी म्हणाले. "गावात पुरा बोलता ना?"

"तसं नाही, बाबा. पण कमान जवानांची आहे. पुंजाकाका काही फौजेत नव्हते."

"तोफेनं मेला. तुझ्या कमानीवर तोफेनं मेलेले किती जण हायत?"

वाल्मीकनं मनातल्या मनात यादी चाळली असावी. "तसं कुणी नाही. बाकीचे सगळे देवाच्या दयेनं पेन्शन घेतायत."

"मग त्या सिमेंटच्या तोफा कशाला? ट्रॅक्टर लाव."

"बाबा, केस झालेली होती. कर्नलसाहेब येणार, पेपरवाले येणार. कुणी विचारलं, हे कुठल्या लढाईत गेले, तर मी काय सांगू?"

"सांग, धूळ बघून उठला. तुझा बाप पण उठला व्हता."

वाल्मीकचे कान लाल झाले. "आमचे वडील त्या दिवशी लग्नाला गेले होते."

"हो, ते लग्न ऐकून आहे मी," सुलाबाई चहाचे कप घेऊन येत म्हणाल्या. "सगळं गाव गेलं होतं म्हणे. नवरीचं नाव तेवढं आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. घे, चहा घे. तुमच्या मळ्यातलं पहिलं पाण्याचं इंजिन कशाच्या पितळेवर आलं ते मला माहीत आहे, वाल्मीक. त्याबद्दल राग नाही रे, सगळ्यांनाच पोट होतं. पण मेला तो चोर झाला, आणि उतरणीवर आडवे पडून राहिले ते बागायतदार झाले, हे काही बरोबर नाही."

"काकू, मी तेव्हा सहा-सात वर्षांचा होतो."

"तेच म्हणते मी. तुला आता लिहायला काय जातंय?"

वाल्मीकनं कप तसाच ठेवला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या कपाळावर खरोखरीच घाम आला होता. तो काहीतरी बोलणार, एवढ्यात प्रफुल्ल उठला. एकाच बुटाची नाडी बांधलेली.

"वाल्मीकदादा, नाव टाकायचं नाही."

"प्रफुल्ल," सुलाबाई म्हणाल्या.

"आई, तू मधे पडू नको. दादा, कमानीवर ह्या आमच्या नानांचं नाव टाका, नाहीतर तेही टाकू नका. पण ते दुसरं टाकू नका. मुलगा म्हणून सांगतोय. मी हरकत घेतो, असं समजा."

वाल्मीकला सुटल्यासारखं झालं. घरचाच माणूस नको म्हणतोय, मग सरपंचानं काय करायचं? "तुम्ही आपसात ठरवा, मी फोन करतो," असं म्हणत त्यानं चपला घातल्या. द्राक्षांची पेटी टेबलावर तशीच राहिली.

दार लागल्यावर घरात फक्त शेगडीवरच्या तव्याचा वास राहिला. भाकरी करपली होती. सुलाबाईंनी शेगडी बंद केली, पण त्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत.

"तुमचं टालबटचं पुराण मी लहानपणापासून ऐकतोय, नाना," प्रफुल्ल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होता. "तुम्हाला वाटतं, मला कळत नाही ते कुणासाठी सांगता? पण सुट्टीत गावी गेल्यावर पोरं माझ्यामागे डबे वाजवत यायची, भंगारवाला आला म्हणून. तुम्ही तेव्हा फौजेत होता. ते मी ऐकलंय. आता पिंकीचं जमत आलंय. इगतपुरीची माणसं चांगली आहेत, मुलगा रेल्वेत आहे. त्यांना काय सांगू? हे तिचे आजोबा नाहीत, खरे आजोबा चोरीच्या केसमधे गेले?"

"चोर नव्हता तो."

"मला सांगून काय उपयोग? आणि नाव पुसलं कुणी? मी पुसलं? शाळेत मास्तरांनी विचारलं, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तुम्ही सांगितलंत, प्रफुल्ल कोंडाजी केदारे. दाखल्यावर, नोकरीवर, रेशनकार्डावर, सगळीकडे तेच. मी मागितलं होतं का ते? आता पन्नाशीला आल्यावर म्हणता, ते दुसरं नाव दगडावर लिहा."

सुलाबाईंच्या डोळ्यांसमोर ती शाळेची खोली उभी राहिली. कोंडाजी रजेवर आलेले, कडक इस्त्रीचा ड्रेस, आणि त्यांचं बोट धरून नव्या चड्डीतला हा. मास्तरांनी पूर्ण नाव विचारलं. पोराच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, त्याशिवाय आपल्याकडे नाव पुरं होत नाही. कोंडाजींनी स्वतःचं नाव सांगितलं होतं, आणि वाटेत बायकोला म्हणाले होते, "पोराला ओझं नको." तेव्हा ते सुलाबाईंनाही पटलं होतं. ओझं नकोच होतं. पुंजा त्या दिवशी दुसऱ्यांदा गेला, हे दोघांपैकी कुणी बोलून दाखवलं नाही.

"खरं हाय," कोंडाजी आता म्हणाले. "मीच पुसलं."

असं त्यांना कबूल करताना पाहून प्रफुल्लचा राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. तो खुर्चीवर बसला. दुसरा बूट पायात घातला, पुन्हा काढला.

"तुमच्याबद्दल तक्रार नाही माझी, नाना. तुम्हीच बाप माझे. मला त्यांचा चेहरासुद्धा आठवत नाही."

"फोटो नाय त्याचा. कुठून आठवंल?"

"मग कशासाठी हा हट्ट?"

भिजलेला पंचा कोंडाजींच्या हातात अजून तसाच होता. त्यांनी त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. सुलाबाईंना वाटलं, आता पुन्हा टालबट निघणार. पण तो निघाला नाही.

"कमान राहू दे," ते म्हणाले. "वाल्मीकला फोन कर, सांग, कोंडाजी येत नाय, नाव टाकू नको. त्या तोफांखाली मला उभं राहायचं नाय. गावाला मी काय मागत नाय, त्यांनी माझ्या मायला उत्तर दिलं नाय तर मला काय देणार. तुला मागतो."

"काय?"

"पिंकीची लग्नपत्रिका छापशील तेव्हा वर एक ओळ टाक. 'कालकथित पुंजाजी रामा केदारे यांची नात.' माझं नाव नाय टाकलं तरी चालंल."